लाल दोरी

बोटींच्या सुट्या भागांच्या दुकानात माझ्यापुढे रांगेत एक साठीचं जोडपं उभं होतं. दोघांचे हात काळेकुट्ट, आणि हसू काही आवरेना.

“अहो, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत! अख्खी वायरिंग नवी टाकली, इग्निशनचा डबा बदलला, तरी त्या म्हाताऱ्या इंजिनात ठिणगी म्हणून नाही. हसू नको तर काय करू?”

“मला प्लगची वायर हातात धरायला लावलीत!”

“झटका बसला असता तर ठिणगी येते हे कळलं असतं ना.”

“बायकोला झटका बसला नाही म्हणून तोंड पाडून बसणारा नवरा जगात एकच!”

“आता शेवटचा उपाय, नवी कॉइल. तरी सुरू झालं नाही, तर उद्या बोट भंगारात. शब्द म्हणजे शब्द.”

“आणि झालं तर?”

“तर तुला घेऊन खाडीच्या टोकापर्यंत. लग्न झाल्यावर गेलो होतो तसं.”

“इश्श! बरं, इंजिनाच्या स्विचला एक लाल दोरी असायची, ती कशासाठी हो?”

“ती मनगटाला बांधायची. चालवणारा पाण्यात पडला की दोरीबरोबर स्विचमधली क्लिप निघते आणि ठिणगी तिथल्या तिथे बंद. का गं?”

“काही नाही.”

“का गं?”

“तुमच्या बोटीतून माझे दोन चष्मे पाण्यात गेले. म्हटलं, गळ्यात अडकवायला बरी आहे.”

“क्लिपसकट?”

“क्लिपसकट.”

“बोला काका, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“चष्म्याची दोरी मिळेल का हो?”