मागच्या उजव्या चाकाची शेंबी

नाव: आर्थर अलेक्स मिरांडा, वय ६४ वर्षे, व्यवसाय: सेवानिवृत्त (पूर्वी कारखान्यात मशीन शॉप सुपरवायझर), राहणार कोलबाड, ठाणे पश्चिम.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारलेल्या प्रश्नांवरून सांगतो ते असे:

आज सकाळी पोलीस ठाण्याच्या आवारात मोटार वाहन निरीक्षकांनी धाकू हाशा मढवी यांच्या जीपचे मागचे उजवे चाक पंचांसमोर उघडले. आतला एक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा, पूर्ण तुटलेला आहे, असे निरीक्षकांनी सांगितले. तसेच दांडा तुटूनही चाक आपल्या जागेवरून जराही हललेले नाही, असेही त्यांनी सांगितले. त्या वेळी मी तिथे होतो. दांड्याचा तुटका तुकडा बाहेर काढल्यावर त्यांनी चाक हाताने फिरवले. ते आवाज न करता फिरत राहिले. त्यांनी ते पुन्हा एकदा फिरवले. दुसऱ्यांदा फिरवण्याची तपासासाठी गरज नव्हती. आम्ही सगळे ते थांबेपर्यंत बघत उभे होतो.

या प्रकरणात फिर्यादी बाबुराव गायकर, राहणार कोपर, हे धाकू यांच्या नातवाच्या नवरीचे मामा आहेत. त्यांचे म्हणणे असे की, गाडी धोकादायक आहे हे धाकू यांना आधीच सांगितले होते, तरी त्यांनी दारूच्या अंमलाखाली ती वरातीला चालवली आणि त्यात बाबुराव यांचा पाय मोडला. गाडीबद्दल इशारा देणारा माणूस म्हणून त्यांनी माझे नाव दिले आहे. धाकू यांना धोक्याची जाणीव होती असे ठरले, तर त्यांच्यावर जास्त गंभीर गुन्हा दाखल होईल आणि जीप परत मिळणार नाही, असे उपनिरीक्षक मॅडमनी मला समजावून सांगितले. ते समजून मी पुढील माहिती देत आहे.

धाकू मढवी, वय ७३, हे आंबिवलीजवळच्या गोठणपाड्याचे राहणारे. आमची ओळख जुन्या जीपमुळे झाली. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावातून ही जीप घेतली होती. माझ्याकडेही जीप आहे. ती दिसायला तशीच, पण नंतरच्या काळातली आहे. धाकू यांच्या जीपच्या इंजिनाचे काम मी बरीच वर्षे हौसेने करतो. चाकांना मी कधी हात लावलेला नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

मढवींची भातशेती गेली तेव्हा बैलही गेले. त्यांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या धाकू यांच्या वडिलांनी ठेवून घेतल्या आणि वितळवून त्यांतून जीपच्या चारही चाकांना टोपणे करून घेतली. घरात त्यांना अजून शेंब्याच म्हणतात. दसऱ्याला त्या काढून चिंचेने घासतात, हळदकुंकू लावतात आणि परत बसवतात. हे काम धाकू यांच्या पत्नी गोदाबाई करतात. घरच्या माणसाशिवाय कोणी शेंबी काढायची नाही, असा त्यांच्याकडे रिवाज आहे. त्यामुळे शेंबीच्या आत काय आहे, हे मी कधी पाहिले नव्हते.

तांत्रिक बाब मॅडमनी सोप्या शब्दांत सांगायला सांगितली. जुन्या जीपच्या मागच्या बाजूला दोन प्रकार येतात. एका प्रकारात दांडा चाक फिरवतो आणि गाडीचा भारही तोच पेलतो. तो तुटला की चाक ब्रेकच्या ड्रमसकट गाडी सोडून जाते. दुसऱ्या, अधिक जुन्या प्रकारात भार बाहेरची जाड नळी पेलते आणि दांडा फक्त फिरवण्याचे काम करतो. तो तुटला तर गाडीचा जोर जातो, पण चाक राहते आणि त्या चाकाचा ब्रेकही राहतो. माझी जीप पहिल्या प्रकारची आहे. धाकू यांचीही तशीच असणार, असे मी धरून चाललो होतो.

माझ्या जीपचे चाक काही वर्षांपूर्वी माजिवड्याजवळ असेच निघाले होते. ते माझ्या पुढे गेले आणि एका रसवंतीच्या बाकड्याला टेकून उभे राहिले. माझी पत्नी थेरेसा तेव्हा माझ्याबरोबर होती. रस्ता सपाट होता, कोणाला काही झाले नाही. तेव्हापासून धाकू मला, "आर्थर, तुझा चाक तुझ्याआधी घरी पोचतो," असे चारचौघांत म्हणतात.

मी इशारा दिला होता, हे खरे आहे. धाकू यांचा नातू मयूर याच्या हळदीला मांडवात जेवताना मी त्यांना मोठ्याने म्हणालो, "धाकूशेट, नातवाच्या वरातीला ही गाडी काढू नका. मागचा दांडा बदलल्याशिवाय गावदेवीचा चढ चढवू नका. चाक बाहेर येईल." बाबुराव त्याच पंगतीत होते. धाकू यांनी उत्तर दिले, "तुझी नि माझी एक नाय. माझा बाप बोललेला, या गारीचा चाक गारीला सोरून जात नाय." मी म्हणालो, मग शेंबी काढून दाखवा. त्यावर गोदाबाई म्हणाल्या, दसऱ्याला ये आणि बघ. लोक हसले. विषय तिथेच संपला.

म्हणजे धाकू यांना इशारा मिळाला होता. पण तो इशारा चुकीच्या गोष्टीचा होता. चाक बाहेर येणार नाही हे त्यांना वडिलांकडून माहीत होते आणि ते बरोबर होते. दांड्याला चीर गेली आहे हे त्यांना माहीत नव्हते. मलाही माहीत नव्हते.

लग्न रविवारी झाले. नवरानवरीला घरात घेण्याआधी टेकडीवरच्या गावदेवीच्या पाया पडायला नेतात. सायंकाळी पाचच्या सुमारास जीप चढाला लागली. पुढे मयूर आणि नवरी ऋतिका, धाकू चालवत होते. मागच्या बाकांवर आणि कडेने धरून मिळून एकंदर अकरा माणसे होती. एवढी माणसे बसवणे चूक होते. हे मी धाकू यांना तोंडावर सांगितले आहे आणि इथेही सांगतो. बाबुराव मागच्या पायरीवर एका पायावर उभे राहून बेंजोच्या तालावर नाचत होते.

मी गाडीत बसलो नाही. थेरेसाने मला बोलावले, तेव्हा मी मांडवात बोललो तेच परत बोललो. ती म्हणाली, "मग तू चाल. पोटाला बरं." ती मागच्या उजव्या कोपऱ्यात बसली. ती जागा त्या चाकाच्या बरोबर वर आहे.

मी जीपच्या मागे उजव्या बाजूने चालत होतो. माझ्या मागे बेंजोवाले आणि बाया-पोरे नाचत येत होती. चढाच्या मध्यावर उजवीकडे दगडाची जुनी खदाण आहे. तिथे कठडा नाही. त्या ठिकाणी जीपच्या खालून जाड फांदी मोडावी तसा आवाज आला. इंजिन एकदम मोकळे पळाले आणि जीप मागे यायला लागली.

मी थेरेसाला हाक मारून ओरडलो, असे तिथले लोक सांगतात. मला ते आठवत नाही. मी चाकाकडे बघत होतो. ते बाहेर येताना बघायचे म्हणूनच मी बघत होतो.

चाक बाहेर आले नाही. जीप हातभर मागे आली आणि थांबली. धाकू यांनी पायाचा ब्रेक दाबून धरला होता. अकरा माणसांचा भार त्या चढावर मागच्या दोन चाकांवर आला होता आणि उजव्या चाकाच्या आतला दांडा दोन तुकडे होऊन पडला होता. तरी चाक सरळ होते. शेंबीवर गोदाबाईंनी सकाळी लावलेले कुंकू तसेच होते. मी आयुष्यभर लोखंडात काम केले आहे. एवढा भार इतक्या शांतपणे उभा राहिलेला मी पाहिलेला नाही.

मी धावत पुढे जाऊन धाकू यांना सांगितले की, सगळ्यांना उतरवा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "थांब रे. गारी काय सांगते ती मना आयकू दे."

मग मी सांगितले की, हँडब्रेकवर विसंबू नका. या जीपचा हँडब्रेक चाकांना नव्हे, मधल्या शाफ्टला धरतो आणि चाकाचा दांडा तुटल्यावर तो काही धरत नाही. ते त्यांना माहीत होते. त्यांनी हँडब्रेकला हात लावला नव्हता. त्यांनी गिअरशेजारचा छोटा दांडका ओढून पुढच्या चाकांना जोर दिला, क्लच सोडला आणि जीप पुढच्या दोन चाकांवर चढ चढू लागली. मागची चाके नुसती सोबत जात होती. मी देवळापर्यंत उजव्या चाकाशेजारून चाललो. त्याला टेकू म्हणून माझा काही उपयोग नव्हता.

हे होईपर्यंत बेंजो थांबला नव्हता. नवरानवरीला काही कळले नाही. वर पोचल्यावर ऋतिकाने धाकू यांना विचारले, "आजोबा, मध्येच का थांबवली?" ते म्हणाले, "गारी तुना बघत होती." ती हसली आणि मुंडावळ्या सारख्या करून खाली उतरली. थेरेसाने मला विचारले, चालून दमलास का? मी हो म्हणालो. काय झाले होते, ते मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितले.

दर्शन झाल्यावर धाकू यांनी चाकांखाली दगड लावले आणि सगळ्यांना चालत खाली पाठवले. स्वतः ते गाडीजवळ बसून राहिले.

बाबुराव यांच्या पायाबद्दल: जीप मागे येऊ लागताच त्यांनी पायरीवरून डावीकडे उडी मारली आणि ते गटारात पडले. हे मी पाहिले. जीपचे चाक त्यांच्या पायावरून गेले नाही. ते पडले तिथपर्यंत जीप आलीच नाही. घोट्याचे हाड मोडले आहे, ते खरे आहे. मी हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटलो आणि हेच सांगितले. ते म्हणाले, "तूच बोललेलास ना चाक जाणार? मी तुझ्यावर विश्वास ठेवून उडी मारली."

दारूबद्दल: धाकू यांनी त्या दिवशी घेतलेली नव्हती. लग्नघरात काहींनी घेतली होती. बाबुराव यांच्याबद्दल मला विचारलेले नाही.

आज निरीक्षकांनी दांड्याचे तुटलेले तोंड मला दाखवले. अर्ध्यापेक्षा जास्त भाग काळपट होता आणि उरलेला नवीन, चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती आणि उरलेल्या लोखंडावर जीप कितीतरी वराती ओढत होती. कोणी वेळेत शेंबी काढून दांडा बाहेर ओढला असता, तर चीर दिसू शकली असती, असे निरीक्षक म्हणाले. मला ते मान्य आहे. शेंबी काढली असती, तर गाडी कोणत्या प्रकारची आहे हेही मला कळले असते आणि मी मांडवात बोललो ते बोललो नसतो.

चाक उघडण्याआधी शेंबी काढावी लागणार होती. पंचांपैकी एकाने स्क्रू ड्रायव्हर आणला. मॅडमनी त्याला थांबवून गोदाबाईंना बोलावले. गोदाबाईंनी पदराने हात पुसले, शेंबी काढली आणि मॅडमच्या हातात दिली. ती पंचनाम्यात जप्त असून पाकिटात मोहोरबंद आहे. बाकीच्या तीन शेंब्या जीपवर आहेत.

निरीक्षकांचा लेखी अहवाल येत्या सोमवारपर्यंत पोलीस ठाण्यात येईल. त्यानंतर धाकू यांच्यावर कोणते कलम राहते ते मॅडम ठरवतील आणि जीपच्या ताब्यासाठी धाकू यांचे वकील कोर्टात अर्ज करतील. त्याच जुन्या प्रकारचा दांडा भिवंडीच्या एका भंगारवाल्याकडे आहे, तो मी बघून आलो आहे. जीप सुटली की नवीन दांडा बसवायचा आहे. ते काम कोणी करायचे, असे मी धाकू यांना बाहेर बाकावर विचारले. त्यांनी गोदाबाईंकडे बघितले. गोदाबाई म्हणाल्या, "दांडा कोनी पन बसवू दे. शेंबी तू बसवायची."

वरचा सगळा मजकूर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'जुने व धोकादायक वाहन' असे लिहिले गेले होते. मी ते 'जुने वाहन' असे करायला सांगितले व तसे केले आहे. बाकी मी सांगितले तेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही)
आर्थर अलेक्स मिरांडा