गणितज्ञाला लागलेलं कुंकू

उपकार फेडूच देत नाही असा माणूस पाहिलाय कधी? आमच्या हिंगणघाटात एक सर आहेत. माझ्या पोरीला वर्षभर घरी गणित शिकवलं, पण मी नेलेला पेढ्यांचा डबा दरवेळी परत केला. शेवटी जुन्या काळच्या एका परदेशी गणितज्ञाचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र शोधलं आणि फ्रेम करून नेलं.

“शेठ, काऊन लाजवता? वापस न्या.”

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. चित्रातली लांब दाढी पाहून त्यांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. “कोणते महाराज हो हे?”

“अवं, गणितवाला हाये तो!”

“असू द्या. कुंकू लागलेली तसबीर दारातून वापस धाडत नाईत.”

सर खिळा शोधायला उठले. मी मात्र वहिनींच्या पाया पडलो.