बर्लिनची सुपारी

माझ्या बहिणीला कुणी नुसतं ‘पेटीवाली’ म्हटलं ना, की माझं डोकंच फिरतं. माधुरी पियानोचे कार्यक्रम करते रे, परदेशात वाजवते, शिकवतेसुद्धा. पण आमच्या आत्याला त्याचं काय? चारचौघांत म्हणायची, “येवढी वर्षं शिकली, पन हळदीत एक गाणं तरी वाजवता येतंय का हिला?”

तर चौक गावाला आत्याच्याच मुलाची हळद. बँजो पार्टी आली, पण त्यांचा कीबोर्डवाला आलाच नाही. आत्याचं तोंड एवढंसं झालं. माधुरीनं हळदीचे हात पुसले आणि जाऊन कीबोर्डवर बसली. बायका अशा रंगात आलेल्या, की दर कडव्याला सूर वर चढवत होत्या. ही त्यांच्याबरोबर वर. मधल्या जागांत तर असे तुकडे टाकले, की ढोलकीवाला वाजवायचं विसरून बघत राहिला!

गाणी संपली तसा पार्टीचा मास्तर धावत आला. “ताई, रविवारी लोधिवलीला हळदीची सुपारी हाय. याल का?”

माधुरी शांतपणे म्हणाली, “रविवारी नाय जमणार हो. बर्लिनची सुपारी घेतलीय.”

मास्तरनं डोकं खाजवलं. “मंग त्याच्या पुढचा रविवार?”

मी तोंड उघडणार, इतक्यात आत्या पदर खोचून मधे उभी. “ओ मास्तर, आमच्या पोरीची सुपारी अशी तिला विचारून नाय मिळत. आदी मला विचारायचं!”