मधुभाऊंच्या खिडक्या

वहिनी, मित्रहो, एवढ्या लांब नव्या रायपुरात आपण सगळे आलात. मधुभाऊंच्या शोकसभेत बोलायला मला सांगितलं आहे. आम्ही दोघंही इमारतींचे नकाशे काढणारे, एकाच ऑफिसात टेबलाला टेबल लावून बसलेले. बोलणं जड जातं आहे. दुःख आहे म्हणून, आणि हेवा आहे म्हणूनही. हो, हेवा. देवाला तो दिसतोच, तुमच्यापासून काय लपवू?

आपण बसलो आहोत ती ही इमारत त्यांची. पलीकडची माझी. माझ्या इमारतीत होळी झाली की एसी सुरू होतो. इथे एसी नाहीच. तरी माझ्याकडचे लोक दुपारी डबे घेऊन इथल्या जिन्याखाली जेवायला येतात. तिथेच नोकरी करणारी माझी मुलगीही येते. मी विचारलं, "काहून? आपल्याकडे जागा नाही का?" म्हणाली, "पापा, उधर ठंडा लगता है।" घरच्या माणसानं असं म्हटलं की लागतं हो.

नकाशा काढण्याआधी मधुभाऊ रिकाम्या जागेवर उदबत्ती लावून बसायचे. धूर कुठे वळतो ते पाहायचे. मी म्हटलं, "भाऊ, पूजा करून राहिले का?" ते म्हणाले, "तू देवापुढे लावते, मी हवेपुढे. तुले तरी देव कुठं दिसते बे?" मी रागावलो. पण तेव्हापासून रोज पूजेच्या वेळी माझं लक्ष धुराकडे जातं. देवघरातही या माणसानं मला सोडलं नाही.

त्यांचं सांगणं साधं होतं. ऊन चढलं की खिडक्या लावा. संध्याकाळी खालच्या खिडक्या आणि छताजवळचे झरोके उघडा. गरम हवा वरून जाईल, रात्रभर भिंती निवतील. आपण काय केलं? भर दुपारी खिडक्या उघडल्या, उन्हाळ्याची गरम लू आत घेतली. सुट्टी झाली की चोरीच्या भीतीनं सगळं बंद. वरच्या मजल्यावर उकडायला लागलं, तेव्हा बोल मधुभाऊंना. खालच्या खिडक्यांना गज आहेत, चोर शिरणार नाही, हे कुणी पाहिलंच नाही. निवृत्त झाल्यावरही ते तिकडे जुन्या रायपुरातल्या समता कॉलोनीतून रोज संध्याकाळी यायचे, खिडक्या उघडायला. वहिनी म्हणायच्या, "त्या इमारतीतच खाट टाका आता!"

आता झरोके बुजवून इथेही एसी लावावा, असं चाललं आहे. उघडणारा माणूसच राहिला नाही, असं म्हणतात. वहिनी, उद्यापासून संध्याकाळी मी येईन. झरोके बुजवू देणार नाही. इमारत थंड राहील आणि लोक नाव मधुभाऊंचंच घेतील. मला ते टोचेल. टोचू द्या.

ऊन उतरलं आहे. खिडक्यांजवळ बसलेल्यांनो, उठा, त्या उघडा. वरचे झरोके मी उघडतो. मग आपण दोन मिनिटं उभे राहू. कुणी बोलू नका. हवेला आत येऊ द्या.