चांगुणेचा उतार

राहीबाई : खोड म्हनते ना ते नाव. तुज्याकडं रबर न्हाई का?

मच्छिंद्र : आजी, हा छापलेला नकाशा आहे, रबरानं जायचा नाही. आणि हा जुना, मैलांचा आणि फुटांचा. आता नवा निघणार, मीटरमधला. त्यात कुठली नावं जायची एवढंच बघायला मी आलोय. गावातल्या दोन जाणत्या माणसांनी बरोबर म्हटलं की नाव राहतं, चूक म्हटलं की जातं.

खाजाभाई : जानती म्हंजी एक मी, बांगड्या भरनारा. आन एक ह्या राहीवैनी. बाकी समदा गाव खडी फोडायला गेलाय दुष्काळी कामावर. आमचं शानपन बगून न्हाई निवडलं साहेब, गुडघं बगून निवडलं.

मच्छिंद्र : सकाळपासून बावीस नावं झाली. ओढे, माळ, टेकड्या. तुमचं दोघांचं एकदाही वाकडं आलं नाही. आणि आता इथं नदीत येऊन, या एका उतारापाशी अडलंय.

राहीबाई : बावीस बरोबर हुती. ह्ये चूक हाय.

मच्छिंद्र : मग बरोबर नाव काय?

राहीबाई : न्हाईच त्येला नाव. नदी हाय, हितनं उतरून पल्याड जायचं. तेवढ्याला नाव कशाला पायजे?

खाजाभाई : साहेब, ऱ्हाऊ द्या. लहान पोरगं बी चांगुनेचा उतार म्हनतं. नवी नवरी पैल्यांदा माहेरी निघाली की त्या तिथल्या धोंड्याला दोन बांगड्या वाहती. चांगुनामाय म्हनत्यात तिला. नाव गेलं तर माज्या पोटावर पाय येईल.

राहीबाई : माय कुनाची? जाऊ हुती माझी, धाकटी. परवा माझ्या नव्या सुनेनं त्या धोंड्याला हळद लावली. मला म्हनली, आत्याबाई, पाया पडा. पडले. काय सांगनार तिला?

मच्छिंद्र : म्हणजे चांगुणा खरंच कोणी होती? मला वाटलं, असेल जुनी देवी.

राहीबाई : तुज्यासारकाच एक सर्व्हेवाला आल्ता. छत्तीस वर्सं झाली. त्या बाभळीखाली तंबू ठोकला हुता. मी धुनं धूत हुते. त्यानं इचारलं, बाई, ह्या उताराला काय म्हनत्यात? मी म्हनले, चांगुनेचा उतार. बाया हसल्या. त्यानं लिवलं.

मच्छिंद्र : हसल्या कशाला?

राहीबाई : नाव नव्हतं ते, बाबा. टोमना हुता.

खाजाभाई : वैनी, कशाला उकरता?

राहीबाई : त्याला खोडायचं हाय तर कारन नगं का? ऐक बाबा. दिवस कलला की चांगुना घागर घिऊन नदीवर यायची. पान्याला किती येळ लागतो? हिला लई लागायचा. एक दिवस मी मागं मागं आले, पार हितवर. बगते तर घागर वाळूत एकली, आन वल्या पावलांची वळ पल्याडच्या काठानं वर गेलेली.

मच्छिंद्र : तुम्ही पलीकडे गेलात?

राहीबाई : न्हाई. तेवढंच केलं न्हाई. माघारी फिरले. सकाळी जात्यावर बसले तर ओवी आपसूक आली.

खाजाभाई : अजून म्हनत्यात पोरी. त्यांना वाटतं, देवाची हाय.

राहीबाई :
नदीच्या उताराला घागर एकली
जाऊ माझी चांगुना कुनीकडं गुतली

चार दिवसांत ती समद्या आळीच्या जात्यांवर फिरत हुती. पीठ कमी पडलं आसंल, ओवी कमी पडली न्हाई. मग दिरानं ऐकली. मग सासऱ्यानं. संक्रातीच्या आदी सासरा तिला हितं घिऊन आला आन म्हनला, गाव म्हनतो ह्यो तुजा उतार हाय. मग जा उतरून.

मच्छिंद्र : पलीकडे होतं तरी कोण?

राहीबाई : कुनीच सापडलं न्हाई. सापडलं आसतं तर मला बरं वाटलं आसतं.

मच्छिंद्र : तिचं माहेर कुठलं?

खाजाभाई : पिंपळदरा.

राहीबाई : तुला बरं याद हाय, खाजाभाई.

खाजाभाई : बांगडीवाल्याला बायांची माहेरं पाठ आसत्यात. तुमचं बी सांगू का?

राहीबाई : माझं मला म्हाईत हाय. तिला पाच वर्सं माहेर घडलं नव्हतं, बाबा. लग्नात मानपानावरनं तंटा झाल्ता. तिचा भाऊ न्यायला यायचा, आन सासरा त्याला वेशीतनंच वाटंला लावायचा.

मच्छिंद्र : पिंपळदरा म्हणालात ना? थांबा जरा.

(मच्छिंद्र जुना नकाशा वाळूवर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवतो. राहीबाई गुडघा धरून शेजारी बसते.)

मच्छिंद्र : या तपकिरी रेघा बघा, आजी.

राहीबाई : गोधडीचं टाकं दिसत्यात.

मच्छिंद्र : तसंच धरा. टाक्यांची एक ओळ म्हणजे एक उंची. ओळी दाटीनं आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सपाट. हे तुमचं गाव. हा पिंपळदरा, इथून उगवतीला सहा मैल. आणि मधे हा माळाचा दांडा. गावातून तिकडं बघितलं तर काय दिसतं?

राहीबाई : दांडाच दिसतो. जल्मभर त्योच बगितला.

मच्छिंद्र : पण त्या दांड्याला इथं खिंड आहे. बघा, रेघा दोन्हीकडून येतात आणि वळून जातात. आता उताराच्या पलीकडचं हे टेकाड. गावापेक्षा साठ फूट उंच. या टेकाडावर पट्टीचं टोक ठेवतो. पट्टी गेली खिंडीतून सरळ, आणि लागली कुठं?

खाजाभाई : देवळाला.

मच्छिंद्र : पिंपळदऱ्याच्या देवळाला. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. काल संध्याकाळी मी त्याच टेकाडावरून त्या कळसावर दुर्बीण लावली. तुमच्या सगळ्या शिवारात ते देऊळ दिसतं ते तेवढ्या एका जागेवरून.

राहीबाई : दुर्बिनीतनं.

मच्छिंद्र : नुसत्या डोळ्यांनीही. मावळतीचं ऊन त्याच्यावर पडलं की शेवग्याच्या फुलाएवढं पांढरं दिसतं. मग ऊन सरतं आणि तेही जातं.

राहीबाई : दिवस कलला की जायची ती.

मच्छिंद्र : हो. तुम्ही म्हणालात.

राहीबाई : ऊन सरंस्तवर बसायची आसंल. मग घागर भरायची. ...खाजाभाई, तुला तर कागद वाचता येत न्हाई. तू देवळाला कसं म्हनलास?

खाजाभाई : म्हनलो खरं.

राहीबाई : कसं म्हनलास?

खाजाभाई : मीच सांगितलं हुतं तिला. पिंपळदऱ्याहून येताना त्या टेकाडावर पेटी उतरवून दम खायचो. मागं बगितलं की दिसायचं. बांगड्या भरताना ती इचारायची, भाऊ, आई बरी हाय का? डोळ्यातलं पानी माज्या हातावर पडायचं. म्हनलो, रडू नगंस, तुजं माहेर हितनं दिसतं.

राहीबाई : आन छत्तीस वर्सं तू गप बसलास?

खाजाभाई : तुमच्या ओवीत एकच जागा मोकळी हुती, वैनी. पल्याड कोन, एवढीच. तिथं माजं नाव बसायला किती येळ लागला आसता? इमामबी नुकती लगीन हून माज्या घरात आल्ती. म्या पेटी उचलली आन दोन महिने ह्या गावाकडं फिरकलो न्हाई. आलो तवर ती गेल्ती.

राहीबाई : बसलं आसतं तुजं नाव. मीच बसवलं आसतं.

खाजाभाई : म्हून गप बसलो. पर आता सांगायला काय हुतं? तुमी बी म्हाताऱ्या, मी बी म्हातारा. तरी जीभ उचलली न्हाई. ते माजं चुकलं.

राहीबाई : पुन्यांदा भेटली का कुटं?

खाजाभाई : एकदा. घोडेगावच्या बाजारात, भावासंगं दावी-कासरे इकत बसली हुती. हात मोकळे. म्हनलो, भरू का? नगं म्हनली. एकच इचारलं तिनं, उताराला पानी हाय का अजून? हाय, म्हनलो. मग बरं, म्हनली.

राहीबाई : माझं काय?

खाजाभाई : न्हाई, वैनी. तुमचं न्हाई इचारलं.

राहीबाई : हाय का ती?

खाजाभाई : आठ वर्सं झाली जाऊन.

मच्छिंद्र : आजी, पाणी देऊ? माझ्या फिरकीच्या तांब्यात आहे.

राहीबाई : ऱ्हाऊ दे, तुलाच लागंल. दांड्यावर आड बी आटलाय. ...ही निळी रेघ कसली?

मच्छिंद्र : ही आपली नदी.

राहीबाई : हिच्यात टिपूस न्हाई आन कागदावर निळी?

मच्छिंद्र : कागदावर निळीच राहते. आजी, मग काय करू? तुम्ही अजूनही चूक म्हणालात तर नाव निघेल. इथं नुसती रेघ उरेल.

राहीबाई : माझा टोमना जाईल.

खाजाभाई : ती बी जाईल, वैनी.

राहीबाई : व्हय. आदी गावातनं घालवली, आता कागदावरनं बी घालवू का? ...ऱ्हाऊ दे, बाबा. बरोबर हाय म्हून लिव्ह.

मच्छिंद्र : लिहितो. या टेकाडाला मात्र जुन्या नकाशात नाव नाही. नुसता आकडा आहे उंचीचा. काही सुचतंय का तुम्हाला?

राहीबाई : मला नगं इचारूस. नावं ठिवायची माझी हौस त्याच साली फिटली.

मच्छिंद्र : बरं. आकडाच राहू दे. आता खाली माहिती सांगणाऱ्यांची नावं. खाजाभाई मणियार, हे लिहिलं. तुमचं राहीबाई, आणि पुढे?

राहीबाई : राहीबाई नगं. चांगुनेची जाऊ, आसं लिव्ह.

मच्छिंद्र : फॉर्मवर नाव लागतं, आजी. नातं चालत नाही.

राहीबाई : त्या बारीला नुसता टोमना चालला, मग नातं का न्हाई चालनार? लिव्ह तू. चांगुनेची जाऊ.