वायर काढून बघा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना आज निरोप द्यायचाय ते मास्तर, त्यांच्या घरच्या वहिनी, आणि समोर बसलेल्या जोडणी विभागातल्या माझ्या बायांनो, सर्वांना नमस्कार. मी सहावी नापास. सुचलं तसं लिहून आणलंय, तेच वाचते. लांबण मलाच आवडत नाही.

मास्तर खरे इंजिनियर. काहीही विचारा, फळ्यावर काढून समजावतात, म्हणून आमचे मास्तर. आपण सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवतो. पंपाच्या मागे सीरियल पोर्ट असतो. तिथे वायर जोडली की पंपाच्या पोटात काय चाललंय ते कॉम्प्युटरवर दिसतं. त्या पोर्टाकडे लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मास्तरांनी लिहिलेला.

तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलातून दोन पंप परत आले. चालता चालता गप्प, धोक्याची शिट्टीसुद्धा नाही. मास्तरांनी चार दिवस टेबलावर चालवले, एकदाही थांबले नाहीत. मोठे साहेब म्हणाले, "नर्सबाईंनीच बटण दाबलं असेल." सगळ्यांना हायसं वाटलं. मला कसं वाटावं? माझे मिस्टर तेव्हा हॉस्पिटलात. उशाशी आपलाच पंप, त्यावर मीच चिकटवलेलं स्टिकर. औषध थांबलं तर रक्तदाब टिकणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या खोलीत गेले. पंप चालू, मागे वायर.

"मास्तर, ही वायर हॉस्पिटलात असते?"

"नाही हो. ही फक्त मला बघायला."

"मग सासू समोर बसल्यावर सून नीटच वागणार! काढा ती."

मास्तरांनी हसत काढली. दोघं नळीतून पडणाऱ्या थेंबाकडे बघत उभे. नवव्या मिनिटाला थेंब लोंबकळला, तो पडलाच नाही. शिट्टी नाही. मास्तरांचं हसू गेलं.

त्यांनी एकेका हॉस्पिटलला फोन लावले. मी मुलीला, ती बापाच्या उशाशी बसलेली.

"थेंबाकडे बघ. थांबला तर नर्सच्या नावानं ओरड."

"आई, झालंय काय?"

"बघ म्हटलं ना!"

दुसऱ्या कंपनीचा पंप मिळून लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ मी मास्तरांच्या स्टुलावर, फोन कानाला, आणि पलीकडून मुलगी नुसती, "पडला... पडला... पडला..."

वायर नसली की पोर्टाचं उघडं तोंड आसपासच्या यंत्रांची खरखर पकडायचं. ड्रायव्हरला वाटायचं कोणी बोलतंय, तो ऐकतच बसायचा. मग आतल्या मुख्य प्रोग्रॅमला, त्या कर्नेलला, मोटर फिरवायला सवड नाही आणि शिट्टी वाजवायलाही नाही. मास्तरांनी खरखरीला कान न देणारा ड्रायव्हर लिहिला, आम्ही बोर्डावर खरखर दाबणारा एक रेझिस्टर वाढवला. पण त्याआधी भर मीटिंगमध्ये ते उभे राहिले नि म्हणाले, "चूक माझी. मी वायर लावूनच तपासत राहिलो." असं म्हणणारा दुसरा साहेब मी पाहिला नाही. व्यासपीठाने राग मानू नये.

मिस्टर तिसऱ्या रांगेत बसलेत, जांभया देतायत. देऊ देत. माझी भीती मात्र गेलेली नाही. आजही पॅकिंगआधी पंप वायर काढून चालवते आणि तोंडातल्या तोंडात "पडला, पडला" म्हणते. बाया हसतात. शंका आली की मास्तरांचं दार होतं. सोमवारपासून तिथे नवे साहेब. साहेब, मी दार वाजवलं तर "टेबलावर चालतंय" एवढं म्हणू नका.

मला बोलायला उभं केलंत, आभार. जिभेला हाड नाही माझ्या. कुणाला लागलं असेल तर पदरात घ्या. आणि मास्तर, आराम करा, पण फोन चालू ठेवा.