घाबरलेल्या विहिरीची साक्ष

मंडळी, ऐका! पुढं बसलेल्या बाळांनो, आधी तुम्ही सांगा — घरात साप निघाला, काठी आपटली, साप दिसेनासा झाला. गेला का?

नाही? शाब्बास! पोरांना कळतं, बापांना कळत नाही!

जतकडच्या एका गावात यल्लाप्पा नावाचा माणूस विहिरींचा गाळ काढायचा. त्याचा एक नेम — विहीर उपसली की चाळीस दिवस तिचं पाणी पारखायचं नाही. कुणी घाई केली की म्हणायचा, "अहो, घाबरलेली विहीर खोटं बोलते!"

अशा शहाण्याच्या काळजाच्या नळ्या तुंबल्या. बायपास झाली. बायपास म्हणजे काय रे पोरांनो? पाट तुंबला की शेजारून नवा पाट काढायचा! पायातली शीर काढली, काळजाला जोडली. छातीवर हा एवढा व्रण!

बाराव्या दिवशी पठ्ठ्यानं काय केलं? कुणाला न विचारता रक्त तपासून आणलं. चरबीचा आकडा निम्म्यावर! घरात शिरताच बायकोला ओरडला —

"रत्नव्वा! कापून टाकली बघ डॉक्टरीणबाईनं सगळी! टाक रस्सा, तर्री वर दिसू दे!"

"अहो, गोळ्या तरी घ्या."

"साप मेल्यावर काठी कशाला आपटू?"

रत्नव्वा रडली. गोळ्या कोनाड्यात पडून राहिल्या. दीड महिना गेला.

एके दिवशी भर दुपारी तो एका मळ्यात गेला. आजारपणाआधी उपसलेल्या तिथल्या विहिरीचे चाळीस दिवस कधीच उलटले होते. वारा नाही. पाखरू नाही. तरी रहाटाचा दोर — हलतोय! उकाड्यानं सदरा उघडा टाकून यल्लाप्पा कठड्यावरून वाकला. सवयीनं हाक मारली, "कुठवर आलीस गं?"

आतून आलं — "आलीस गं..."

हसला. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं — आवाज फुटायच्या आधीच खालून उत्तर आलं.

"आलो."

मंडळी, पाण्यात त्याचंच तोंड होतं. त्याचाच उघडा सदरा. पण छाती — छातीवर व्रण नव्हता! ऑपरेशनच्या आधीचा यल्लाप्पा खालून वर बघत होता. पाण्यावर तेलाचा तवंग पसरत होता. वरचा हसत नव्हता — खालचा हसत होता!

अनवाणी पळत घरी आला. "रत्नव्वा, तो परत आलाय!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना. रक्त तपासलं. आकडा पहिल्या जागेवर!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, एवढी चिरफाड झाली की शरीर धसका घेतं. रक्तातली चरबी काही आठवडे खाली बसते. चांगली बसते, वाईटही बसते. मग हळूहळू वर येते. खरा आकडा दोनेक महिन्यांनी कळतो. आणि पाणी तसंच गढूळ राहिलं, तर नवा पाटही तुंबतो!"

यल्लाप्पा मान खाली घालून म्हणाला, "बाई, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो."

रत्नव्वानं पदरातून गोळ्यांची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

आता हसू नका. आज कीर्तन ऐकून इथून उठाल तेव्हा मन कसं निर्मळ वाटेल! राग नाही, लोभ नाही. ते नुकत्याच उपसलेल्या विहिरीचं पाणी आहे, मंडळी. चाळीस दिवस जाऊ द्या. मग एकट्यानं वाका, हाक मारा — आणि खालून कोण 'ओ' देतो, ते नीट ऐका.